किल्लीवाल्याची बिनकिल्लीची गाडी

आमच्या जिन्याखाली दोन दुकानं आहेत. दुकानं म्हणजे काय, दोन फळ्या आणि दोन शटरं. एकात मी बसते, बॅगांना चेन बसवते, तुटलेले पट्टे शिवते. दुसऱ्यात मास्टर बसतात. त्यांना खरं नाव असेलच, पण बावीस वर्षांत मला कधी त्याची गरज पडली नाही. गावातल्या निम्म्या कुलपांची नाडी त्यांच्या बोटांना ठाऊक, म्हणून सगळे त्यांना मास्टर म्हणतात. मला चेनवाली ताई म्हणतात. मास्टर नुसतं ‘ताई’ म्हणतात, फक्त रागावले की ‘चेनवाली ताई’.

मास्टरांना कमी ऐकू येतं. कमी म्हणजे बरंच कमी. किल्ली कापायच्या मशीनचा आवाज तुम्ही जवळून ऐकला असेल तर तुमचेही दात शिरशिरले असतील. तो आवाज या माणसानं चाळीस वर्षं कानाला लावून ऐकला. कानात कापूस घाला म्हणून मी सांगून सांगून दमले. तर म्हणायचे, “किल्लीचा दाता नीट पडला की मशीनचा सूर बदलतो. कापूस घातला तर तो कळणार कसा?” तो एक सूर ऐकता ऐकता बाकीचे सगळे आवाज गेले. आता त्यांना फोन आला की ते तो सरळ माझ्या हातात देतात. मी ऐकते आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगते. जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, आमचं भांडण चाललंय. कधीकधी चाललेलंही असतं.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी मी त्यांना वेडं म्हणायची. किल्ली करून दिली म्हणजे काम झालं असं ते मानतच नसत. दुसरे किल्लीवाले सांगतात, घरी जाऊन लावून बघा, नाही लागली तर घेऊन या. मास्टर शटर ओढून गिऱ्हाइकाबरोबर त्याच्या दारापर्यंत जायचे. कुलूप स्वतःच्या डोळ्यांसमोर उघडलं की मगच माघारी. “अहो, एवढ्यात तुमची तीन गिऱ्हाइकं परत गेली,” मी म्हणायची. “जाऊ देत,” म्हणायचे. “दारात उभं राहून ज्याची किल्ली लागत नाही ना ताई, त्याच्यासारखा केविलवाणा माणूस नाही. मला बघवत नाही.”

मग ती बटणाची गाडी आली. म्हणजे बाजारात आली, सगळीकडे आली. मोटरसायकलला किल्लीच नाही. खिशात एक छोटा रिमोट ठेवायचा, गाडीजवळ जायचं, बटण दाबायचं, की सुरू. मास्टरांच्या दुकानातली मोटरसायकलच्या कोऱ्या किल्ल्यांची माळ वर्षभर हललीच नाही. तिच्यावर धूळ बसली. तरुण पोरं यायची, रिमोट पुढे करायची आणि म्हणायची, “काका, याचा सेल बदलून द्या.” मास्टर सेल बदलून द्यायचे आणि ते पोरगं गेलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, “हे घड्याळवाल्याचं काम. चाळीस वर्षं काढल्यावर हे करायचं?” त्यांच्या तोंडाची चवच गेली होती. एकदा म्हणाले, “ताई, चोराला तोडायला कुलूप नाही, मला करायला किल्ली नाही. आम्हा दोघांनाही घरी बसवलं त्यांनी.” मी हसले. ते हसले नाहीत.

आणि अशा माणसाच्या दारात ती गाडी यावी.

वहिनींच्या, म्हणजे मास्टरांच्या बायकोच्या, दोन्ही मूत्रपिंडांनी दोन वर्षांपूर्वी काम थांबवलं. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. सकाळी सातला हजर व्हायचं, अकराला मोकळं. केंद्र घरापासून सात किलोमीटर, आमचा जिना त्याच्याही पुढे आणखी सात. मास्टर जुन्या मोटरसायकलवरून न्यायचे. ती बिचारी मधेच खोकायची, चढावर दम टाकायची. जावयाला ते बघवलं नाही. त्यानं स्वतःसाठी नवी घेतली आणि आपली दोन वर्षं वापरलेली, बटणावर चालणारी गाडी सासऱ्यांना आणून दिली. जावई स्वभावानं चांगला, पण समजावून सांगायला लागला की शाळेतल्या गुरुजीसारखा. रिमोट दोन होते. एक मामांकडे, एक मामींकडे, असं म्हणून त्यानं दोघांच्या हातात एकेक ठेवला.

वहिनींना ती गाडी फार आवडली. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर खोटं काहीच नव्हतं. मास्टरांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरलेला, थंडीत किल्ली फिरवताना त्यातून कळ निघायची. आता नुसतं बटण. हातमोजेही काढायला नकोत. केंद्राबाहेर दोनशे गाड्या लागतात, त्यात आपली शोधायला वहिनी पर्समधला रिमोट दाबायच्या आणि लांबून दिवे लुकलुकायचे. डायलिसिस झाल्यावर त्यांना दहा पावलंही जड जायची, त्यामुळे त्या लुकलुकीचं त्यांना केवढं कौतुक! “अहो, किल्ली मोडायची भीती नाही, हरवली तर कुणी लावून नेईल ही भीती नाही,” असं त्या माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. मास्टर म्हणाले, “आणि सेल संपला तर?” “तर तुम्ही बदलाल की. रोज बदलता ना लोकांचे?” वहिनींनी टोला दिला. मास्टर आतून खूश होते. बायको त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी चेष्टा करत होती.

वहिनींना केंद्राची भीती बसली होती. सुरुवातीला एकदा मशीनवर असताना रक्तदाब एकदम उतरला आणि डोळ्यांपुढे अंधार आला. तेव्हा मास्टर बाहेरच्या हॉलमध्ये होते, धावत आत आले, हात धरून बसले. तेव्हापासून दोघांमध्ये एक ठरलेलं बोलणं होतं. आत जाताना वहिनी विचारायच्या, “बाहेर बसणार ना?” मास्टर म्हणायचे, “बसणार.” चारही तास. दाराजवळची पहिली खुर्ची त्यांची. आतून ते वहिनींना दिसत नसत, पण ते तिथे आहेत एवढ्यावर त्या हातात सुई टोचून घ्यायच्या. आठवड्यातले तीन दिवस दुकान दुपारी उघडायचं. गिऱ्हाइकं निम्मी झाली तरी मास्टरांनी त्या खुर्चीचा खाडा केला नव्हता.

तो दिवस मी कधी विसरणार नाही आणि त्यातला माझा वाटाही विसरणार नाही.

आदल्या संध्याकाळी मास्टरांचा फोन वाजला. नेहमीप्रमाणे माझ्या हातात आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेचा शिपाई होता. परीक्षेचे पेपर ज्या लोखंडी कपाटात ठेवलेत त्याची किल्ली कुलपातच मोडली. सकाळी नऊला पेपर. दुसरे दोघे किल्लीवाले नाही म्हणाले. मुख्याध्यापिका रडकुंडीला आल्यात. मी हे सगळं मास्टरांच्या कानात ओरडले. त्यांचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत कुणी त्यांच्याकडे खऱ्या कामासाठी आलं नव्हतं. मग लगेच उतरला. “उद्या हिचा दिवस आहे,” म्हणाले.

तेव्हा मी बोलले. “अहो, सातला सोडा त्यांना, साडेसातला इथे या, आठला कपाट उघडा, साडेआठला परत खुर्चीवर. वहिनींना कळणारही नाही.”

हे वाक्य माझं. मास्टरांचं नाही. पुढे त्यांनी सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडलं, तेव्हा मी हे वाक्य त्यांच्यापुढे मोठ्यानं म्हणून दाखवलं. त्यांना ऐकू आलं की नाही, देव जाणे.

सकाळी निघताना मास्टर रिमोट घरीच विसरले. जुनी किल्ली ज्या खिळ्याला टांगायचे, त्याच खिळ्याला रिमोट टांगायचे. जुनी गाडी असती तर खाली गेल्यावर हात खिशात गेला असता, किल्ली सापडली नसती, शिव्या देत पुन्हा वर आले असते. या नव्या गाडीनं काय केलं? वहिनी मागे बसल्या, मांडीवर पर्स, पर्समध्ये त्यांचा रिमोट. गाडीला तेवढं पुरे. मास्टरांनी बटण दाबलं, गाडी सुरू. खिसा रिकामा आहे हे कळायचं कारणच उरलं नाही.

केंद्राच्या फाटकापाशी गाड्या थांबू देत नाहीत. रखवालदार शिट्टी फुंकत असतो. वहिनी उतरल्या. “बाहेर बसणार ना?” “बसणार. गाडी लावून येतो.” वहिनी पर्स घेऊन आत गेल्या, मास्टरांनी गाडी बंद न करता तशीच पुढे काढली. एकदा सुरू झाली की ही गाडी रिमोट कुठे आहे म्हणून अडून बसत नाही. ती म्हणे वाजते आणि मीटरच्या काचेवर एक लाल खूण उघडझाप करते. वाजलेलं मास्टरांना ऐकू येत नाही. काचेवरचं वाचायला चष्मा लागतो आणि तो हेल्मेटखाली बसत नाही म्हणून खिशात. गाडीनं आपलं कर्तव्य केलं म्हणायचं. माणसानंही आपलं कर्तव्य केलं, गाडी सात किलोमीटर चालवत जिन्याखाली आणली आणि नेहमीच्या सवयीनं बंद केली.

शिपाई वाटच बघत होता. मास्टर त्याच्याबरोबर शाळेत चालत गेले, मोडका तुकडा चिमट्यानं काढला, परत येऊन दोन तुकडे जोडून माप घेतलं, किल्ली कापली, कानस मारली आणि नियमाप्रमाणे पुन्हा शाळेत गेले. कपाट त्यांच्यासमोर उघडलं. आले ते छाती फुगवून. “ताई, मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर टाळ्या वाजवल्या,” म्हणाले. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी म्हटलं, “आता पळा.”

हेल्मेट घातलं, बसले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

पहिली पाच मिनिटं आम्ही हसतच होतो. सेल गेला असेल, म्हणून त्यांनी दुकानातून नवा सेल काढला आणि खिशात रिमोट शोधायला हात घातला. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही, मागचा, जाकिटाचे आतले. मग तेच खिसे पुन्हा उलट्या क्रमानं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठल्या क्षणी त्यांना कळलं ते मला दिसलं, कारण हात खिशातच राहिला आणि बाहेर आला नाही.

“ताई, जावयाला लाव.”

मी जावयाला फोन लावला. तो कामावर होता, हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, “मामींच्या पर्समध्ये दुसरा असेल, त्यावरच सुरू झाली असणार.” मी म्हटलं, ते कळलं रे बाबा, आता बिनरिमोटची कशी सुरू करायची ते सांग. तर म्हणाला, चार आकडी कोड टाकता येतो, पण तो आधी घालून ठेवावा लागतो, मी घातलाच नव्हता, कधी गरज पडली नाही. बरं, सीटखाली काही? तर सीट उघडायची बारकी किल्ली असते, ती रिमोटच्या आत. हे मी मास्टरांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “किल्लीसुद्धा त्याच्याच पोटात?” आणि मग असं हसले की मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

तरीही तोवर जीव टांगणीला लागलेला नव्हता. अकराला अवकाश होता. बसनं गेले असते, खुर्चीवर जाऊन बसले असते, गाडी नंतर नेली असती. बस गेली होती, पुढची चाळीस मिनिटांनी, आणि आमच्या भागात रिक्षा-टॅक्सी फिरकत नाही. मी म्हटलं, चहा घ्या तोवर.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. त्यांनी न बघताच माझ्या हातात दिला.

“केंद्रातून बोलतेय,” एक सिस्टर होती. तिचा आवाज घाईचा आणि तुटक. “पेशंटचे मिस्टर कुठे आहेत? हॉलमध्ये नाहीत. पेशंटचं प्रेशर खूप खाली आलंय. डॉक्टर बघतायत, पण मोठ्या हॉस्पिटलला हलवायची वेळ आली तर नातेवाईक हवा. ताबडतोब या.”

मास्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. ऐकू न येणारी माणसं तोंडाकडे फार नीट बघतात, त्यांच्यापासून काही लपवता येत नाही. मी एवढंच म्हटलं, “प्रेशर उतरलंय. बोलावलंय.”

पुढची दहा मिनिटं मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. मास्टर गाडीकडे धावले. हँडल धरून ढकलायला लागले. हँडल लॉक झालेलं. ढकलून तरी काय, सात किलोमीटर? पण माणसाला काहीतरी करायचं असतं. मग ते गुडघ्यावर बसले आणि बोटं फिरवायला लागले. हँडलच्या खाली, टाकीच्या कडेला, सीटच्या फटीत. मला कळेना काय शोधतायत. मग कळलं. ते किल्ली घालायची जागा शोधत होते. चाळीस वर्षं त्या बोटांना एकच गोष्ट ठाऊक होती, की कुठेतरी एक जागा असते, तिच्यात तार घातली, दोनदा हलवली की आतलं सगळं ओळखीचं. कितीतरी लोकांच्या गाड्या या माणसानं रस्त्यात दोन मिनिटांत सुरू करून दिल्या होत्या. इथे सीटच्या कुलपानं गाडी सुरू होत नव्हती आणि बाकी सगळं गुळगुळीत. त्यांची बोटं पुन्हा पुन्हा त्याच काळ्या प्लॅस्टिकवरून फिरत होती.

“कुठून आत शिरायचं ताई? कुठून शिरायचं?”

स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांनी बटणाखालचं झाकण उचकटलं. एक तुकडा तुटून पडला, आत तारांचा गुंता. हातातून रक्त आलं. मी त्यांचा दंड धरला आणि ओढलं. “सोडा! या गाडीच्या नादी लागू नका, ती तुमचं ऐकणार नाही!” मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या धुलाईवाल्याचा व्हॅनचालक खाली उतरून आला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, बसा. दोन ठिकाणी कपडे टाकायचे होते, ते त्यानं टाकले नाहीत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. शटर ओढायचं मला भान नव्हतं, मीही चढले. फोन आला तर ऐकणार कोण?

कडक इस्त्रीच्या शर्टांमध्ये आम्ही दोघं अंग चोरून बसलो. रस्ता खोदलेला होता, एकेरी सोडत होते. दहा मिनिटं व्हॅन जागची हलली नाही. मास्टर हातातला फोन माझ्यापुढे धरून बसले होते. “वाजतोय का? ताई, वाजतोय का?” “नाही वाजत.” “बघ नीट.” “नाही वाजत हो.” दर मिनिटाला हेच. मग एकदम म्हणाले, “किल्ली असती ना, तर मी घरूनच निघालो नसतो. ती घ्यायला परत वर गेलो असतो. या गाडीनं मला जाऊ दिलं. जाऊ दिलं आणि परतीची वाट बंद केली.” व्हॅन हलली तेव्हा तेच म्हणाले, “गाडीला कशाला बोल लावू? बसणार म्हणालो होतो मी. गाडी नव्हती म्हणाली.” आणि हा एवढा मोठा माणूस कुणाच्या तरी इस्त्री केलेल्या शर्टात तोंड खुपसून रडला. व्हॅनचालकानं आरसा दुसरीकडे फिरवला.

शेवटचा अर्धा किलोमीटर आम्ही उतरून धावलो. म्हणजे ते धावले, मी मागून फरफटले. केंद्रात पोचलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

वहिनी होत्या. हे आधी सांगते. प्रेशर सावरलं होतं, हलवावं लागलं नाही. मास्टरांना आत सोडलं. मला सिस्टरनं दारातच थांबवलं. ती पोरसवदा होती आणि माझ्यावरच चिडली, तिला वाटलं मी मुलगी.

“किती हाका मारल्या तुम्हाला माहितीय?” ती म्हणाली. “तीनदा हॉलमध्ये येऊन हाक मारली. आतून पेशंट सारखी सांगतेय, ते बाहेरच आहेत, पहिल्या खुर्चीवर बघा, त्यांना कमी ऐकू येतं, जोरात हाक मारा. डोळे मिटत होते तिचे, तरी तेच. जोरात मारा, जोरात मारा. शेवटी मी एकेक खुर्ची बघितली, स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आले आणि तिला सांगितलं, बाई, बाहेर कुणी नाही. मग गप्प झाली. त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही.”

मला त्या दारातच बसावंसं वाटलं. पण आत बघितलं तर मास्टर पलंगाशी पोचले होते. वहिनींचा एक हात मशीनला जोडलेला, दुसरा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. धापा टाकत होते. घामानं शर्ट भिजलेला, बोटाचं रक्त मनगटापर्यंत वाळलेलं. चार पावलांवर खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी असा घाम फुटलेला पाहिलाय का? पण ते बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

“बाहेरच होतो गं मी. हाक ऐकू आली नाही मला. माझे कान मेले.”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मग तोंड त्यांच्या कानाजवळ नेता येईना म्हणून ओठ नीट हलवत, त्यांना कळेल असं म्हणाल्या, “हो. मी सांगितलं त्यांना. ऐकू येत नाही म्हणून.”

मास्टरांचा जीव भांड्यात पडला. ते खरंच निवांत झाले, डोळे पुसायला लागले. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मान भिंतीकडे वळवली. मी बाहेर आले.

अकराला दोघं बाहेर आले. फाटकाशी गाडी नव्हती. मास्टर म्हणाले, “बंद पडली होती गं, कडेला लावलीय,” आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मान डोलावली. वहिनींनी पर्स उघडली, रिमोट काढला, मास्टरांच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मग टॅक्सीत बसल्या.

या गोष्टीला सात महिने झाले. मास्टरांनी त्या तीन दिवशी दुकान उघडायचंच बंद केलं, दुपारीसुद्धा. शाळेनं पुन्हा बोलावलं होतं, मी फोनवर परस्पर नाही म्हणून सांगितलं. गाडी नवीन झाकण बसवून घेतली आहे, कोड घातला आहे, आता दोन्ही रिमोट मास्टरांच्या गळ्यात एका दोरीत असतात. काही बिघडत नाही. परवा मी वहिनींना भेटायला केंद्रात गेले होते. मास्टर पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते, वर्तमानपत्र नाही, डुलकी नाही. मी शेजारी बसले. अर्ध्या तासानं तीच सिस्टर दार उघडून बाहेर आली, मास्टरांकडे बघितलं आणि आत गेली. आणखी अर्ध्या तासानं पुन्हा आली. मास्टरांनी तिला दिसेल असा हात वर केला.

मी विचारलं, “ही सिस्टर काय बघून जाते हो?”

“मी आहे का ते,” मास्टर म्हणाले. “आमची ही आतून पाठवते तिला. दर अर्ध्या तासानं.”